एकास दहाची गादी

बेंगळुरूत असते म्हटलं की लोक पुढचा प्रश्न एकच विचारतात, "कुठल्या कंपनीत?" मी सांगते, कंपनी नाही, संशोधन केंद्र. मग डोळे चमकतात. "एआय का?" मी सांगते, पाणी. इथे समोरचा माणूस एक तर विषय बदलतो, नाहीतर त्याच्या गावच्या शेतात बोअर किती खोल मारावी ते विचारतो. आमच्या आईने तर पुण्यात अख्ख्या सोसायटीला सांगून ठेवलंय की मुलगी बेंगळुरूला मोऱ्या तपासते. तिच्या लेखी मोरी म्हणजे भांडी घासायची. माझ्या लेखी मोरी म्हणजे रस्त्याखालून नाल्याचं पाणी पलीकडे नेणारी वाट. हा घोळ मी एकदा अक्कांना सांगितला तर त्या पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, "आईचं बरोबर आहे की गं. दोन्हीकडं तुंबलं की निस्तरायला बाईमाणूसच लागतंय."

अक्का म्हणजे आमच्या केंद्रातल्या ज्येष्ठ संशोधन अधिकारी आणि माझ्या साहेब. मूळच्या बेळगावच्या. दारावरच्या पाटीवर त्यांचं पूर्ण नाव होतं, पण त्या नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे अक्काच म्हणत.

आमचं काम सांगायला सोपं आहे. धरणाचा सांडवा, वीजघर, बंदराचा बंधारा असं काही बांधायचं ठरलं की त्याची लहान प्रतिकृती आम्ही आधी आमच्या शेडमध्ये बांधतो, त्यातून पाणी सोडतो आणि बघत बसतो. पाणी कुठे उसळतं, कुठे भोवरा धरतं, कुठे माती खातं, ते टिपतो. व्हाइटफील्डच्या बाजूला, काचेच्या इमारतींच्या मागे अशी एक पत्र्याची प्रचंड शेड असेल आणि तिच्यात चार नद्या आणि एक समुद्र नांदत असेल, असं रस्त्यावरून जाणाऱ्याला स्वप्नातही वाटणार नाही.

पहिल्या दिवशी मी त्या शेडमध्ये पाऊल टाकलं तेव्हा एक ठेंगणी बाई नदीच्या दोन काठांवर एकेक पाय रोवून उभी होती. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पायात काही नाही, चष्मा दोरीने गळ्यात लटकवलेला. खाली वाकून ती पाण्याकडे इतकी रोखून बघत होती की मला वाटलं, हिची अंगठी पडलीय. मी मदत करायला पुढे झाले.

"ए! नदीत चप्पल घालून कुठं यायलीस?"

मी चप्पल काढली. अक्कांनी मला खालून वर न्याहाळलं.

"पुण्याची का?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"सॉरी म्हणाली नाहीस."

तेव्हापासून त्यांच्या लेखी माझं नाव 'पुणं' असं पडलं. "पुणं, पंप चालू कर." "पुणं, डबा आणलायस का?" राग आला की "पुणेकर" म्हणायच्या. हा मान मला महिन्यातून दोनतीनदा मिळायचा.

अक्कांशी बोलायला शिकणं म्हणजे 'सरी' हा कानडी शब्द ऐकायला शिकणं. सरी म्हणजे ठीक आहे, बरं. बेंगळुरूत हा शब्द रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळे वापरतात, पण अक्कांच्या तोंडी तो वेगवेगळ्या वजनाने यायचा. नुसतं "सरी" म्हणजे काम बरं झालंय. "सरी सरी" म्हणजे माझं डोकं खाऊ नकोस. आणि शेवटचं अक्षर लांबवून "सरीऽऽ" म्हटलं की समजायचं, आपण केलेलं सगळं मोडून पुन्हा करायचंय. नवा माणूस खूश होऊन जायचा आणि आम्ही जुने त्याच्याकडे दयेने बघायचो.

बंदराच्या मॉडेलवर तर त्यांचा वेगळाच अवतार. लाटा अडवणाऱ्या बंधाऱ्याचे दगड आम्ही पट्ट्यापट्ट्याने वेगवेगळ्या रंगांत रंगवतो, म्हणजे लाटेने कुठला दगड जागचा हलला ते लगेच दिसतं. अक्का गुडघे टेकून दगडांच्या पातळीला डोळे आणून बसायच्या. तास तास लाटा चालू. मध्येच शेड दणाणून जाईल अशी आरोळी, "हललाऽऽ!" सगळे धावत यायचे. हिरव्यांतला एक दगड पिवळ्यांत आलेला असायचा. अक्कांच्या चेहऱ्यावर असा आनंद, की जणू तो दगड परीक्षेत पहिला आलाय.

कारण त्यांचं गणित उलटं होतं. मॉडेल पास झालं की जग खूश होतं. ज्याचं डिझाइन असतं तो सल्लागार खूश, काम करवून घेणारं सरकारी खातं खूश, आमचे संचालक खूश. अक्का तेवढ्या घुम्यासारख्या बसून राहायच्या. आणि मॉडेलमध्ये काही बिघडलं, भिंतीवरून पाणी गेलं, पाया उखडला, की पुढच्या सोमवारी बेळगावहून कुंदा, तिकडची खव्याची मिठाई, यायचा. शेडमध्ये कुंदा वाटला जातोय म्हणजे कुठलं तरी डिझाइन बुडालंय, हे सगळ्यांना ठाऊक. एका वीजघराचं मॉडेल पहिल्याच फेरीत पास झालं होतं. सल्लागाराची माणसं टाळ्या वाजवून, हस्तांदोलनं करून जेवायला गेली. अक्का मात्र तिथेच. पाण्याचा एक दरवाजा बंद करून बघ, दोन बंद करून बघ, उजवीकडचे बंद करून फक्त डावीकडचे उघड, असं करत करत त्यांनी एकदाचं ते पाणी गरगर फिरवलं आणि बाजूच्या भिंतीवर आपटवलं. ती माणसं ढेकर देत परत आली तेव्हा भिंत पडलेली होती.

"इथं पडली तर चार घमेली सिमेंट," अक्का त्यांना म्हणाल्या. "आता जरा शांतपणे बसून बोलूया."

त्या माणसांनी नंतर कुंदाही खाल्ला. चवीची तक्रार कुणी केली नाही.

अक्कांचं दुसरं वेड म्हणजे रस्त्यातले पूल. त्यांच्याबरोबर रिक्षातून जाणं ही शिक्षा असायची. राजकालुवे आला, म्हणजे एका तळ्यातलं पाणी दुसऱ्या तळ्यात नेणारा इथला जुना मोठा नाला, की अक्का रिक्षावाल्याच्या पाठीला बोट लावायच्या. "अण्णा, स्वल्प निल्सी." जरा थांबव. आधीच बेळ्ळंदूरची ती रहदारी, मागून हॉर्नचा कल्लोळ, आणि या बाई कठड्यावर वाकून नाल्यात बघतायत. रिक्षावाल्यांना वाटायचं, अम्मांना मळमळतंय. एकाने तर धावत जाऊन पाण्याची बाटली आणून दिली. अक्कांनी ती शांतपणे पिऊन टाकली आणि मला म्हणाल्या, "शहाळी जास्त दिसायलीत या आठवड्यात. ऊन वाढलंय."

"अक्का, तुम्ही कचरा बघता?"

"मग काय पाणी बघू? पाणी दिसतंय का कुठं त्याच्यात?"

हे वेड पुढे उपयोगी पडलं, आणि कसं ते सांगण्यासाठीच मी हे लिहायला बसले आहे.

आमच्याकडे एका मोरीचं काम आलं. एका राजकालुव्यावरून मोठा रस्ता जाणार होता आणि त्याखालून नाल्याचं पाणी न्यायला तीन गाळ्यांची मोरी बांधायची होती. म्हणजे शेजारी शेजारी तीन चौकोनी वाटा आणि त्यांच्यामध्ये दोन भिंती. मोठमोठ्या धरणांच्या मानाने काम अगदी किरकोळ. दुसऱ्या कुणी ते कनिष्ठांवर सोपवलं असतं. अक्कांनी मला घेऊन आधी जागा गाठली. रस्त्याच्या अलीकडे, नाल्याला लागून, एक घरांची रांग होती. बहुतेक भाडेकरू: ऑफिसच्या गाड्या चालवणारे, इमारतींचे रखवालदार, एका दवाखान्यातल्या दोन नर्स. आम्ही प्रत्येक उंबरठ्याची पातळी घेतली. मी मोजपट्टी धरून उभी आणि अक्का दुर्बिणीपाशी. बायका दारात येऊन विचारत, मेट्रो येणार का? नाही म्हटलं की हिरमुसायच्या. मागच्या मोठ्या पावसात इथे गॅसची सिलिंडरं घरात तरंगली होती, हे त्यांनीच सांगितलं. मोजणी झाल्यावर कळलं, त्या भागातली सगळ्यात खालची जमीन हीच. पाणी तुंबलं तर पहिल्यांदा इथेच शिरणार.

एकास दहा मापाचं मॉडेल उभं राहिलं. खऱ्यातले दहा मीटर, आमचा एक. अक्कांनी घरांची रांगही बांधायला लावली, बुटांच्या खोक्याएवढी घरं, प्रत्येकाला मोजलेला उंबरठा. पाणी सोडलं. तिन्ही गाळ्यांतून ते अगदी शहाण्यासारखं निघून गेलं. सगळ्यात मोठ्या पुरालासुद्धा उंबरठे कोरडे. मी वहीत 'समाधानकारक' असं लिहायला घेतलं.

"सरीऽऽ," अक्का म्हणाल्या.

माझा पेन थांबला.

"पुणं, असलं स्वच्छ पाणी बेंगळुरूच्या कुठल्या नाल्यात बघितलीस तू? हे पाणी काशीहून आणलंय का?"

"पण अक्का, मॉडेलमध्ये पाणी स्वच्छच असतं."

"म्हणून तर मॉडेल खोटं बोलायलंय. कचरा पाहिजे. एकास दहाचा."

तर मग आम्ही कचरा बनवायला बसलो. मी एम.टेक. झालेली मुलगी, माझ्या बरोबरीच्या मैत्रिणी जवळच्याच इमारतींत बसून अमेरिकेशी बोलतायत, आणि मी दुधाच्या पिशव्या कात्रीने बारीक बारीक कापतेय. थर्माकोलचे तुकडे झाले. खुर्च्या झाल्या, फांद्या झाल्या. शहाळ्यांपाशी अडलं. चणे बुडाले. थर्माकोलच्या गोळ्या फारच हलक्या, वाऱ्याने उडायच्या. शेवटी अक्कांना रिठा सुचला. मूठभर वाळलेले रिठे आणून त्यांनी टेबलावर पसरले. "आकार बघ. वजन बघ. अर्धा बुडून तरंगतंय बघ. हुबेहूब शहाळं!" आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. आकार, वजन, तरंगणं, तीन तीनदा तपासलं. जन्मभर रिठ्याने न्हालेली ती बाई आणि आम्ही चार इंजिनियर, आणखी काही तपासायचं असतं हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आणखी रिठे आले त्याच दिवशी एका कॉलेजचे प्राध्यापक विद्यार्थ्यांना घेऊन शेड बघायला आले होते. आम्ही दोन टोपल्या रिठे नाल्यात ओतले, पंप चालू केला. पाणी गोल गोल फिरून पुन्हा टाकीतून येत होतं. थोड्याच वेळात मोरीच्या तोंडाशी पांढरं काहीतरी जमलं. मग ते वाढलं. मग फेस नाल्यातून उसळून घरांवर चढला, रस्त्यावरून पलीकडे उतरला आणि प्राध्यापकांच्या बुटांपर्यंत आला. बेळ्ळंदूरच्या तळ्यावरचा फेस सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलाय. तो आमच्या शेडमध्ये अवतरला होता. मुलं मोबाइल काढून शूटिंग करायला लागली.

प्राध्यापकांनी फार गंभीरपणे विचारलं, "मॅडम, फेस कुठल्या प्रमाणात आहे?"

"एकास एक," अक्का म्हणाल्या. चेहऱ्यावर सुरकुती हलली नाही.

ते लिहून घेत होते. पंप धुऊन काढायला आमचा अख्खा आठवडा गेला. अक्का स्वतः साडी खोचून टाकीत उतरल्या होत्या आणि घासता घासता मध्येच हसत सुटायच्या. पुढे शहाळ्यांसाठी चन्नपट्टणच्या खेळणीवाल्यांचे लाकडी मणी आणले. त्यांनी निमूटपणे काम केलं.

राहिल्या गाद्या. गादी हवीच, हा अक्कांचा हट्ट. इथे लोक घर बदलतात, जुनी गादी जिन्याखाली ठेवतात आणि मग कधीतरी ती नाल्यात जाते. अक्का आणि मी शिवाजीनगरच्या बाजारात एका शिंप्याकडे गेलो. वीतभर लांबीच्या, आत कापूस भरलेल्या, टाके घातलेल्या गाद्या शिवून हव्यात म्हटल्यावर म्हाताऱ्याने चष्म्यावरून बघितलं.

"बाहुलीसाठी?" त्याने हिंदीत विचारलं.

"नाल्यासाठी," अक्का.

तो माझ्याकडे वळला, त्याच्या नजरेत एवढी कणव होती की मला 'या बऱ्या आहेत' असं सांगावंसं वाटलं. पण काम चोख. गाद्या घ्यायला गेलो तर प्रत्येकीबरोबर एक उशी. उशी कुणी सांगितली नव्हती. म्हातारा म्हणाला, बिनउशीची गादी माझ्या दुकानातून जात नाही. अक्कांनी उशा डोळ्यांजवळ नेऊन बघितल्या. "बरोबर आहे त्यांचं. उशा पण येतात की वाहून."

या सगळ्यासकट पाणी सोडलं आणि तीन गाळ्यांच्या मोरीचं पितळ उघडं पडलं. फांदी मधल्या भिंतीला अडकायची, फांदीत पिशव्या गुंतायच्या, आणि मग भिजून जड झालेली गादी पाण्याखालून आडवी येऊन त्या भिंतीला मिठी मारायची. एक गाळा बंद. मग शेजारचा. अलीकडचं पाणी चढत चढत उंबरठ्यांवरून घरांत. दर वेळी असंच झालं नाही, पण पुष्कळ वेळा झालं. सोमवारी कुंदा आला. मला तो पहिल्यांदाच गोड लागला नाही, कारण त्या उंबरठ्यांवर मी स्वतः उभी राहिले होते.

अक्कांनी अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिलं: मधल्या दोन्ही भिंती काढाव्यात, एकच रुंद गाळा ठेवावा. संचालकांनी त्यांना बोलावून घेतलं. मीही होते.

"अक्का, आपल्याला विचारलंय काय? पाणी जातं का. जातं. कचरा उचलणं ही देखभालीची बाब आहे, डिझाइनची नाही. कामाच्या व्याप्तीत कचरा हा शब्दच नाही."

"पाण्याला तुमची व्याप्ती वाचता येत नाही, सर."

"हे पान काढा आणि सही करा. शेडमधली ती जागा नव्या धरणाच्या कामाला द्यायचीय. मॉडेल या आठवड्यात मोडायचं. तुम्ही सही केली नाही तर मला दुसऱ्या कुणाची तरी घ्यावी लागेल."

हे खरं होतं. सही नाकारून अक्का स्वतःपुरत्या सुटल्या असत्या. दुसऱ्या कुणी सही केली असती, तीन गाळ्यांची मोरी बांधली गेली असती आणि पाणी त्या रांगेत शिरलं असतं. खोलीतून बाहेर पडल्यावर अक्का जिन्यात थांबून म्हणाल्या, "सही न करून मला काय मिळणार आहे? घरं तर तिथंच राहणार. रस्ता बांधणाऱ्या खात्याच्या साहेबांना बोलव. मॉडेल मोडायच्या आधी एकदा बघून जा म्हणावं."

साहेब आले. धारवाडकडचे, हुशार, तीस वर्षं पूल बांधलेला माणूस. अक्कांशी मराठी-कानडी मिसळून बोलत. येताना थोडे चिडलेलेच होते.

"अक्का, तुम्ही मुद्दाम गादी आडवी टाकली तर ताजमहालसुद्धा तुंबेल."

"म्हणूनच तुम्हाला बोलावलं. मी टाकतच नाही. तुम्ही टाका. पाहिजे तशी, पाहिजे तिथनं."

त्यांनी बाह्या न दुमडताच टोपली घेतली. एक फांदी टाकली, ती सरळ निघून गेली. शहाळी गेली. पिशव्या गेल्या. एक गादी टाकली, ती भिंतीला घासून वळली आणि गेली. साहेब हसले. दुसरी गादी गेली. संचालकांनी घड्याळात बघितलं. अक्का हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"बास ना?" साहेब म्हणाले.

"टोपली संपू दे की. पाऊस काय अर्ध्यात थांबतोय?"

तिसरी गादी जाणार असं वाटत असतानाच एका फांदीचं टोक भिंतीच्या कोपऱ्याला टेकलं. गादी तिच्यावर रेलली. मागून पिशव्या आल्या आणि चिकटल्या. अगदी शांतपणे, काही आवाज न करता मधला गाळा बंद झाला. पाणी फुगलं. डावीकडच्या गाळ्याकडे वळलेली उशी तिथेच रुतली. पहिल्या उंबरठ्यावरून पाण्याची पातळ जीभ आत गेली.

आणि साहेबांनी काय केलं? ते पटकन वाकले आणि गादी ओढून काढायला कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. विचार न करता. कुठलाही भला माणूस घालेल तसा.

अक्कांनी त्यांचं मनगट धरलं.

"काढू नका, साहेब. खऱ्या पावसात तिथं कोण काढणार? तिथं ती पुरुषभर लांबीची असती, भिजलेली. आणि तुमचा हात तिथं पोचत नाही."

साहेब तसेच वाकून राहिले. बाहीतून पाणी ठिबकत होतं. समोर एकेक करून घरं भरत गेली, शेवटच्यापर्यंत. पंप बंद करा असं कुणीच म्हणालं नाही. संचालकही नाही. शेवटी साहेब सरळ झाले आणि कानडीत स्वतःशीच काहीतरी पुटपुटले. मग विचारलं, "भिंती काढल्या तर वरचा स्लॅब जाड करावा लागेल. रस्ता उचलावा लागेल."

"लागेल की."

"माझे वरिष्ठ मला फाडून खातील."

"त्यांना पण पाठवा. टोपली भरून ठेवतो."

साहेब हसले, ते मनापासून. त्या दिवशी त्यांनी जागेवरच मधल्या भिंती फोडायला लावल्या आणि एकाच रुंद गाळ्यातून सगळी टोपली पुन्हा, दोनदा, स्वतःच्या हाताने सोडून बघितली. उंबरठे कोरडे राहिले. "सरी," अक्का म्हणाल्या. आखूड, नुसतं. अहवालाचं पहिलं पान तसंच गेलं आणि मोरी एका गाळ्याची झाली.

मी धरणं पाहिलीत, परदेशी पाहुण्यांसमोर भाषणं केलीत. पण एखाद्या माणसाने आरडाओरडा न करता, कुणाला खाली न पाडता, फक्त मनगट धरून एक गोष्ट पटवून दिलेली मी पाहिली ती त्या शेडमध्येच. मी अक्कांच्या हाताखाली काम केलंय, हे सांगताना माझी मान आजही थोडी वर होते. होऊ दे. मी पुण्याची आहे, मान वर करायला मला कारण लागत नाही, पण इथे ते आहे.

अक्कांची निवृत्ती जवळ आली होती तेव्हाची गोष्ट. दुपारी अंधारून आलं आणि बेंगळुरूत पडतो तसा पाऊस कोसळला. अक्कांचा फोन. "पुणं, चल, मोरी बघायला जाऊ." रिक्षा मिळेना. मिळाली ती अर्ध्यात थांबली, पुढे रस्त्यावर गुडघाभर पाणी. गाड्या बंद पडल्या होत्या, लोक लॅपटॉप डोक्यावर धरून चालले होते. आम्ही दोघी छत्र्या घेऊन चालत पोचलो. नाला तुडुंब होता. रंग चहासारखा. काय काय वाहत होतं देव जाणे, पण सगळं त्या रुंद तोंडातून गडगडत पलीकडे चाललं होतं. अक्का कठड्यावर वाकून बघत राहिल्या. चष्म्यावरून पाणी ओघळत होतं, त्या पुसतही नव्हत्या.

पाऊस आणखी वाढला तेव्हा आम्ही त्या घरांच्या रांगेत, सगळ्यात खालच्या घराच्या पडवीत शिरलो. दारात एक बाई मेथी निवडत बसली होती. नवीनच राहायला आलेली दिसत होती, कारण जुनी माणसं आम्हाला ओळखायची. तिने आमच्याकडे बघितलं आणि जागा करून दिली.

"मने नोडक्के बंद्रा?" घर बघायला आलात का, असं तिने विचारलं. उत्तराची वाट न बघता कानडीत पुढे सांगायलाही लागली: वरची खोली रिकामी आहे, मालक चांगला आहे, घेऊन टाका. पलीकडच्या मोठ्या मोठ्या इमारतींत पाणी शिरतं, पार तळघरातल्या गाड्या बुडतात. इथे येत नाही. कधीच येत नाही. "नम्म जाग एत्तरदल्ली इदे." आमची जागा उंचावर आहे.

मी बोलायला तोंड उघडलं होतं. त्याच उंबरठ्यावर मोजपट्टी धरून मी उभी राहिले होते. त्याच्याहून खालचा उंबरठा सगळ्या परिसरात नव्हता. या बाईला सांगायला हवं होतं की तू कुठे बसली आहेस, का कोरडी बसली आहेस, आणि ही तुझ्याशेजारी निथळत उभी असलेली म्हातारी कोण आहे. अक्कांनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मान हलवली.

"हौदु," त्या बाईला म्हणाल्या. "तुंबा एत्तर." होय, फार उंच.

असं धडधडीत खोटं बोलताना अक्कांचा चेहरा दगड हलल्यावर फुलायचा तसा फुलला होता. बाईने मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि आता माझं मत विचारायला माझ्याकडे बघितलं.

"हौदु," मी म्हटलं. "तुंबा एत्तर."